विशूचा अंगठा

विशूचे पाय मोठमोठ्या माणसांनी धुतलेत. बँकेचे मॅनेजर, रेल्वेतले साहेब, युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर, सगळ्यांनी खाली वाकून, चांगलं तांब्याभर पाणी घालून. विशू म्हणजे माझा धाकटा भाऊ विश्वेश्वर. काशीतल्या मराठी घरांत श्राद्ध असलं की पितरांच्या जागी ज्या ब्राह्मणाला पाटावर बसवतात, तो हा. तेवढा वेळ तो आमचा विशू नसतो. त्या घरातला गेलेला बाप असतो, आजोबा असतो. म्हणून यजमान आधी त्याचे पाय धुतो, गंध लावतो, आणि मग पानं वाढतात. तीस वर्षं त्याने हेच केलं. दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण हे त्याला मनापासून आवडायचं.

मी शरदिनी, त्याची थोरली बहीण, आठ वर्षांनी मोठी. लग्न झालं, तीन वर्षांत नवरा गेला, परत दुर्गाघाटावर माहेरी आले आणि शाळेत लागले. बत्तीस वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतले, त्यामुळे आवाज चढा आणि तोंड फटकळ. विशूवर इतकी ओरडले आहे की गल्लीतले लोक म्हणतात, ‘बहनजी फिर शुरू.’ पण नेमकं जे बोलायचं होतं तेवढंच बोलले नाही. ते सांगायला बसले आहे.

विशू तेरा वर्षांचा असताना त्याला तहान लागायला लागली. तहान म्हणजे काय, माठ एकटा रिकामा करायचा. दर अर्ध्या तासाला लघवी. खायचा राक्षसासारखा आणि अंगावर मांस नाही. आई म्हणाली जंत झालेत. बाबा म्हणाले वयात येतंय पोर. एक दिवस उलट्या सुरू झाल्या, श्वास भात्यासारखा चालायला लागला आणि तोंडाला पिकून उतरलेल्या फळाचा वास. आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. चौघांनी खाटेवर घालून त्याला रस्त्यापर्यंत नेलं. मी मागून त्याची चप्पल घेऊन धावत होते. बेशुद्ध पोराला चप्पल कशाला हवी होती, देव जाणे.

इस्पितळातले म्हातारे डॉक्टर बाबांना म्हणाले, “पंडितजी, घर में अनाज है, चूल्हा है, माचिस नहीं है.” मग त्यांनी नीट समजावलं. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, त्यातल्या काही पेशी इन्सुलिन बनवतात. विशूच्या शरीराने आपल्याच त्या पेशी परक्या समजून मारून टाकल्या होत्या. इन्सुलिन नाही तर जेवणातली साखर रक्तात नुसती फिरत राहते, अंगाला लागत नाही. भरल्या पोटी शरीर उपाशी. मग ते आपली चरबी जाळत सुटतं आणि त्या जाळण्यातून निघालेलं आम्ल रक्तात साठतं, माणूस त्यानेच मरतो. तो फळाचा वास त्याचा होता. यावर गोळी नाही, काढा नाही. बाहेरून इन्सुलिन टोचायचं, रोज, मरेपर्यंत.

शेजारपाजारचे विचारायचे, “लाडू फार खात होता का हो?” अहो, भटाचं पोर ते, लाडू खाणारच! पण लाडवाने हा मधुमेह होत नाही. हे मी तेव्हा घसा फोडून सांगितलं आणि लोक मान हलवून पुन्हा लाडवावरच आले. हात टेकले मी.

शेजाऱ्यांना पुढे आम्ही एवढंच सांगितलं की औषधाने बरं झालं. कारण घरी आल्यावर बाबांनी मला आणि आईला समोर बसवलं. तेव्हाचं इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असायचं. डॉक्टरांनी बाबांना ते लपवलं नाही. बाबा वैदिक, सोवळ्याचे कडक. संध्याकाळी म्हणाले, “पोर जगलं पाहिजे. काय टोचायचं ते टोचा. पण यजमानांच्या कानावर जाता कामा नये. पितरांच्या जागी बसणारा ब्राह्मण अव्यंग लागतो.” अव्यंग म्हणजे ज्याच्या शरीरात काही उणं नाही असा. विशूला पुढे त्याच पाटावर बसायचं होतं, आमच्या घरात दुसरा धंदाच नव्हता.

मग काचेची सिरिंज उकळायची, दार लावून टोचायचं, बाटली माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात लपवायची, असं सुरू झालं. विशू शिकला. मांडी, पोट, दंड, जागा बदलत टोचायची. कधी कुरकुरला नाही. लग्नही त्याने केलं नाही, मुलगी बघायची तर रोग सांगावा लागतो. मी खूप भांडले त्यावरून. तो म्हणायचा, “अक्का, भात निवतोय, वाढ.”

एकविसाव्या वर्षी तो पहिल्यांदा मोठ्या घरी श्राद्धाला बसला. ब्रह्माघाटावरचे रत्नाकरराव, रेल्वेतून निवृत्त, त्यांच्या वडिलांचं श्राद्ध. श्राद्धाच्या ब्राह्मणाने जेवण होईपर्यंत काही खायचं नसतं. विशूने सकाळी इन्सुलिन अर्धंच टोचलं होतं, दीडच्या सुमाराला पान वाढतील या हिशेबाने. पण मंत्र सांगणारे गुरुजीच दुसरीकडे अडकले. दोन वाजले, अडीचला ते आले. इन्सुलिन अंगात आणि पोटात काही नाही, की साखर धडाधड खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, मेंदूला साखर पुरत नाही तेव्हा माणूस चिडतो, बरळतो, आणि तरी काही दिलं नाही तर आडवा होतो. विशूने समोरचे दर्भ हाताने फेकून दिले आणि पाय धुवायला वाकलेल्या रत्नाकररावांना म्हणाला, “तू कोण रे? माझ्या घरात काय करतोस?”

आता बघा, वडिलांच्या जागी बसवलेला माणूस मुलाला असं विचारतो! रत्नाकरराव पांढरेफटक पडले. कुणीतरी हसलं, “महाराजांनी भांग घेतलेली दिसते.” घाईघाईने खीर वाढली, विशूने खाल्ली आणि पावतासात ताळ्यावर आला. आणि आमच्या शहाण्याने काय करावं? मान खाली घालून म्हणाला, “हो, जरा जास्त झाली.” काशीत भांग माफ आहे. आजार माफ नाही, असं त्याला वाटायचं.

हे मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तो संध्येला बसलेला असताना मी ब्रह्माघाटावर गेले. रत्नाकररावांच्या पत्नी संपदाकाकू तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, इन्सुलिनपासून माठापर्यंत. वाटलं, आता हे घर तुटलं. त्या म्हणाल्या, “अगं बाई, आधी नाही का सांगायचं? माझ्या दारात पोराचा जीव गेला असता.” बस, एवढंच. अव्यंगाचा विषयसुद्धा निघाला नाही. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, जावेला सांगितलं, आणि वर्षभरात आमच्या सगळ्या यजमानांच्या स्वयंपाकघरांत ही गोष्ट पोचली. विशूला मात्र कळू द्यायचं नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं. त्याला कळलं असतं तर तो कुणाच्याच दारात गेला नसता.

तेव्हापासून त्या घरांत विशू आला की आधी पेलाभर गोड दूध. “आमच्याकडे रीतच आहे.” पान एक वाजता म्हणजे एक वाजता. विशू घरी येऊन मला सांगायचा, “अक्का, जुनी घरं ती जुनी घरं. वेळेची काय शिस्त!” मी म्हणायची, हो रे बाबा, मोठी माणसं. मनातून मला हसू यायचं आणि जरा शेखीही वाटायची, खोटं कशाला बोलू.

पण घाटावर संपदाकाकू नसतात. पंचगंगा घाटावर महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू असायचे, अनोळखी, आणि तिथे विशूला पुन्हा चारचौघांत बरळायची भीती. मग त्याने आपला मार्ग काढला. इन्सुलिन कमीच टोचायचं. साखर खाली गेली तर लोकांना दिसतं, वर राहिली तर कुणाला दिसत नाही. त्यालाही काही वाटत नाही, तेच वाईट. वर्षानुवर्षं वर राहिलेली साखर बारीक रक्तवाहिन्या नासवते. आधी डोळे, दोनदा लेसर झालं. मग मूत्रपिंडं थकायला लागली. आणि पायांच्या नसा मेल्या. पावलांना आधी मुंग्या, मग जळजळ, मग काही नाही. एकदा त्याच्या तळपायात टाचणी रुतलेली मी काढली, तो पंचांग बघत होता, त्याने पान उलटलं.

दोन हजार चोवीसचा ज्येष्ठ. तो उन्हाळा आठवला तरी अंग भाजतं. विशू दुपारी अनवाणी घाटाच्या दगडावर तासभर उभा होता, कुणाचं तरी पिंडदान चाललं होतं. सोवळ्यात चप्पल नाही. शेजारचा यजमान एका पायावरून दुसऱ्यावर नाचत होता, विशू शांत. लोकांना वाटलं, केवढं तप! घरी आला आणि फरशीवर डाव्या पावलाचा ओला डाग उमटत गेला. मी म्हटलं पाणी. पाणी नव्हतं. अंगठ्याखालचं कातडं सुटलं होतं.

पंधरा दिवसांत अंगठा काळवंडला. डॉक्टर तरुण होते, घाई न करता बोलले. साखर जास्त असली की जखम भरत नाही, रक्त पोचत नाही, जंतूंना मात्र खाऊ मिळतो. हाडापर्यंत गेलंय. “आज अंगठा काढूया, पाय वाचेल. थांबलात तर मी पायाची खात्री देणार नाही.”

विशू म्हणाला, “पितृपक्ष झाला की काढू.”

पितृपक्ष तीन महिने लांब होता. मी तिथेच ओरडायला लागले. अंगठ्यासाठी पाय घालवतोस? अक्कल गहाण टाकलीस काय? तो मला बाहेर घेऊन आला आणि बाकावर बसून हळू आवाजात म्हणाला, “अक्का, यजमान पाय हातात घेऊन धुतो. अंगठा नाही हे त्याच्या हाताला कळणार. मग पाटावर कोण बसवेल मला? माझ्यात दुसरं काय आहे? एवढं एक तर आहे की तीस वर्षं कुणाला माझं उणं दिसलं नाही.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. शब्द अगदी तोंडात होते. अरे विशू, त्यांना सगळं ठाऊक आहे. तीस वर्षं ठाऊक आहे. दूध ही रीत नाही, तुझ्यासाठी आहे. आजार माहीत असून बसवतात, अंगठा नसला तरी बसवतील. चार वाक्यं. वर्गात साठ पोरांसमोर आवाज चढवणारी मी, त्या बाकावर बसून माझ्या तोंडाला कुलूप लागलं. त्याच्याकडे एवढीच एक गोष्ट होती आणि ती मी त्याच्या हातातून काढून घेणार होते. तो माझ्याशी पुन्हा बोलला नसता, याची मला भीती वाटली. आणि मी स्वतःला सांगितलं, गोळ्या चालू आहेत, अंगठाच तर आहे, बघू.

गोळ्या चालू होत्या, मलमपट्टी चालू होती. मी रोज पट्टी बदलायची. वास यायचा. मी उदबत्ती लावायची. श्रावणात गंगा पायऱ्या चढून वर आली, घाट चिखलाने भरले, विशू त्यातूनच जायचा. मी दोनदा ब्रह्माघाटाच्या कोपऱ्यापर्यंत गेले, संपदाकाकूंनाच सांगावं की तुम्ही त्याला समजवा. दोन्ही वेळा भाजी घेऊन परत आले.

पितृपक्षात श्राद्धाच्या दिवशी तो पट्टी सोडायचा. जखमेत हळद आणि गोपीचंदन दाबून भरायचा, वरून सारखं करायचा, म्हणजे लांबून गंध लावल्यासारखं दिसावं. मी आरसा धरायची, त्याला तळवा दिसत नसे म्हणून. हो, मीच धरायची. रत्नाकरराव आता नाहीत, त्यांचा मुलगा देवव्रत बँकेत आहे, त्यांच्या श्राद्धाला तो पाय धुतो. त्या दिवशी संध्याकाळी देवव्रत मला गल्लीत भेटला. खालच्या आवाजात म्हणाला, “मावशी, गुरुजींचा पाय ठीक नाही वाटला मला. डॉक्टरला दाखवलंय ना?” मी म्हटलं, “दाखवलंय, बरा होतोय.” तो बरं म्हणाला आणि गेला. चांगला मुलगा आहे.

सर्वपित्री अमावास्येला विशू सलग दोन घरी बसला. दुसऱ्या दिवशी अंगात एकशे चारचा ताप, साखर यंत्रात मावेना, यंत्र नुसतं ‘हाय’ दाखवत होतं. पाय घोट्यापर्यंत काळा-निळा. पुन्हा चौघांनी उचलून गल्लीबाहेर नेला. डॉक्टरांनी मला एकच विचारलं, “इतने दिन?” सही मी केली. गुडघ्याखाली चार बोटांवर कापला.

मला रडू आलं नाही. येईल येईल म्हणून वाट बघितली. त्याला शुद्ध आली तेव्हा त्याने चादर सपाट झाली होती तिकडे पाहिलं आणि विचारलं, “तू जेवलीस का?” मी म्हटलं, “जेवले.” जेवले नव्हते. घरी आल्यावर मी त्याची साखर तपासते, इन्सुलिन आता पेनमधून टोचतात, दिवसात चार वेळा. साखर इतकी छान राहते की डॉक्टर खूश आहेत. लपवायचं कुणापासून आता? तो वेळेवर खातो, वेळेवर टोचतो, खिडकीपाशी बसतो. त्याला बोलावणं येत नाही आणि तो कुणाची वाट बघत नाही. दोघं माणसं एका खोलीत आणि बोलायला काही नाही, असं महिनाभर चाललं. मी ओरडत नाही म्हणून गल्लीलाही चुकल्यासारखं होत असेल.

कार्तिकात संपदाकाकू आल्या. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, तरी दोन मजले चढून आल्या. धापा टाकत बसल्या. विशूने पायावर उपरणं ओढून घेतलं. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांना भडभडून आलं.

“काय हो गुरुजी हे! अहो, अंगठा काढायचा होता तर काढायचा. देवव्रत कालच डॉक्टरांकडून सगळं ऐकून आला. अंगठ्यासाठी थांबलात? आम्ही दुसऱ्या कुणाला बसवलं असतं असं वाटलं तरी कसं तुम्हाला? तुमचं इंजेक्शन ठाऊक असून तीस वर्षं बसवलंच ना? शरदिनीने येऊन सांगितलं त्या दिवसापासून आमच्या घरात तुमच्यासाठी आधी दूध तापतं. हे गेले तेव्हाही मला सांगून गेले, माझ्या श्राद्धाला विश्वेश्वरच बसायला हवा.”

मी ओट्यापाशी होते. चहा उतू गेला, तो मी पाहत राहिले.

विशूने उपरणं सारखं केलं. मग त्याने हात जोडले. म्हणाला, “काकू, तुमचे उपकार आहेत.” त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. कुठलं तेल लावता विचारलं. चहा झाला. काकू जाताना म्हणाल्या, पुढच्या वर्षी पाटाऐवजी खुर्ची मांडू, शास्त्राचं आम्ही बघून घेऊ. मी त्यांना हाताला धरून खाली पोचवून आले. जिना चढताना मी प्रत्येक पायरीवर थांबले.

तो खिडकीकडेच बघत होता. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. पण त्याने उपरणं बाजूला केलं, उरलेल्या पायावरून एकदा हात फिरवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, “ज्येष्ठात सांगायचंस गं, अक्का.”

मी म्हटलं, “हो.”